पाणसळीला लावलेला सर्फबोर्ड

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तोही ओहोटीला. लांबपर्यंत ओली वाळू, त्यापलीकडे राखाडी पाण्याची एक रेघ आणि आमच्या मागे भेळवाल्यांच्या गाड्या. लाट म्हणावं असं काही दिसलंच नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, "कसा असतो गं समुद्र?" मी म्हटलं, "लांब असतो." आमच्या वर्कशॉपमध्ये सर्फबोर्ड बनवायचं काम आलं तेव्हा लाटेबद्दलचं माझं ज्ञान एवढंच होतं. हे आधीच सांगून टाकते. पण पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी समजू नये. मी ते शिकलेली असल्यामुळे केलं.

वर्कशॉप नाशिकला अंबडमध्ये आहे, फायबरचं. पाण्याच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे, वॉटर पार्कच्या घसरगुंड्या, द्राक्षबागेत फवारणी करतात त्या ब्लोअरच्या टाक्या, असलं सगळं तिथे बनतं. मी तिथे क्वालिटीला आहे. म्हणजे माझ्याकडे एक टेप, एक व्हर्नियर, एक पाणसळ आणि एक जाडजूड रजिस्टर असतं. वस्तू तयार झाली की मोजायची, पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येतोय का बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. पास किंवा रिजेक्ट. रिजेक्ट असेल तर शेवटच्या रकान्यात कारण.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझी इंजिनिअरिंगची डिग्री सायखेड्याजवळ आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलेली आहे. आई देवांवरून फडकं फिरवते तेव्हा तिच्यावरूनही फिरवते. मला डिग्रीचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. म्हणूनच तीन वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगप्रमाणे टाक्या मोजत बसणं मला टोचायचं. डिझाइनचं टेबल सांभाळणारा माणूस दिवाळीत पुण्याला निघून गेला होता आणि त्याच्या टेबलावर फायबर घट्ट करायच्या हार्डनरचे डबे रचून ठेवलेले होते. ते टेबल मला द्या म्हणून मी शेठना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ते "बघू" म्हणाले.

सर्फबोर्डचं काम आणलं शेठच्या पुतण्याने. हा पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लोकांना सर्फिंग शिकवतो. लाटेवर एका लांब फळीवर उभं राहून किनाऱ्याकडे यायचं, एवढाच तो खेळ. आमच्याकडे आला होता तेव्हा चहा पिता पिता सांगत होता, "ताई, मी तिकडे गेलो तेव्हा अख्ख्या किनाऱ्यावर बोर्ड मोजकेच. तेसुद्धा परदेशी लोक जाताना टाकून गेलेले. कोळ्यांची पोरं ते चिकटवून चिकटवून वापरायची. आता शनिवार-रविवारी रांग लागते. ऑफिसवाले येतात, शाळेच्या मुली येतात, परवा तर एक आजोबा आले. आणि बोर्ड अजून बाहेरूनच येतो. जहाजाने. तो येईपर्यंत सीझन संपतो." त्याचं म्हणणं होतं की फायबर आणि फोम, हेच तर त्यात असतं. मग काकांच्या वर्कशॉपमध्ये का नाही?

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी करते." ते म्हणाले, "जमला तर ते टेबल तुझं. नाही जमला तर रजिस्टर आहेच."

एप्रिलमध्ये नमुन्याचा बोर्ड आला. पुण्यापर्यंत ट्रान्सपोर्टने आणि तिथून नाशिकपर्यंत ट्रॅव्हल्सच्या टपावर, भर उन्हात. गोधडीत गुंडाळलेला. आमच्याकडे लॅमिनेशनला एक मामा आहेत, दिंडोरीकडचे. कापडाचे थर अंथरून त्यावर रेझिन मारायचं, हे काम त्यांच्याइतकं स्वच्छ कुणाचं नाही. त्यांनी गोधडी सोडली, बोर्डावर टिचकी मारली आणि म्हणाले, "म्याडम, हे कुणाचं उलथनं हाय एवढं?" मग एका हाताने उचलून बघितला आणि घाबरून खाली ठेवला. "लय हलकं. पापड हाय नुसता. फुटंल की पाण्यात."

बोर्डाखाली मागच्या बाजूला असलेले तीन सुटे पंख काढून मी तो आमच्या मार्किंग टेबलावर ठेवला. हे लोखंडी टेबल एकदम सपाट. त्यावर वस्तू ठेवली की तिचा खोटेपणा लगेच कळतो. बोर्डाचा मधला भाग टेकला होता, पण पुढचं टोक चांगलं वीतभर वर उचललेलं होतं आणि मागचं चार बोटं. मी पाणसळ ठेवली. बुडबुडा पळाला एका कोपऱ्यात. माझ्या मनात लगेच आलं: टप, ऊन, रेझिन. उष्णतेने फायबर मऊ पडतं, टोकं वाकतात. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं.

"वाकलाय," मी म्हटलं.

मामांनी उकिडवं बसून एक डोळा मिटला आणि बोर्डाच्या कडेने बराच वेळ बघितलं. "म्याडम, उन्हानं वाकलेलं असं नाय वाकत. ऊन पिळतं. एक कोपरा वर, एक खाली. हे दोन्ही अंगानं सारखं हाय. पुढून जास्त, मागून कमी. कुणीतरी मन लावून वाकवलंय."

मी त्यांना रेझिन किती तापमानाला मऊ होतं ते सांगितलं. त्यात इंग्रजी शब्द बरेच होते. मामा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बरं. तुमी शिकलेल्या."

मी इंटरनेटवर बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं. पण फोटो सगळे वरून काढलेले, भिंतीला ओळीने टेकवलेले बोर्ड. समोरून बघितलं तर ते सरळच दिसतात. आणि लाटेवरच्या फोटोंत अर्धा बोर्ड पाण्याखाली. मला जे दिसलं ते मी माझ्या समजुतीने मोजलं.

मग आम्ही बोर्ड बनवला. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत भरतात तो पिवळट फोम आणला, मधोमध लाकडाची सरळ पट्टी घातली, कडा तासल्या, खाली मागच्या बाजूला नमुन्यासारखे तीन सुटे पंख बसवले. मामांनी कापडाचे थर मी सांगितले होते त्यापेक्षा दोन जास्त मारले. मी हटकलं तर म्हणाले, "आपल्या हातनं गेलेली वस्तू परत येत नाय, म्याडम. ऱ्हाऊ द्या." तयार बोर्ड उचलायला दोघं लागली. पण पंख काढून मार्किंग टेबलावर ठेवला तेव्हा असा बसला, की खालून पोस्टकार्ड सरकलं नसतं. पाणसळीचा बुडबुडा मधोमध, हलायला तयार नाही. मी रजिस्टरात लिहिलं: सरळपणा उत्तम. पास.

पुतण्याला मेसेजही केला. "नमुना प्रवासात वाकलेला होता. आम्ही दुरुस्त करून बनवला आहे." त्याचा अंगठा आला. नंतर कळलं, नमुन्याला कुठेतरी पोचा आला असेल आणि आम्ही तो बुजवला असेल, असं त्याला वाटलं होतं.

बोर्ड पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, फिनिश एकदम भारी आहे."

"मग?"

"मग काही नाही. पण ताई, याचं नाक कुठे गेलं?"

"नाक?"

"पुढचा उचललेला भाग."

"तो वाकडा होता. सरळ केला."

पलीकडे तो हसायला लागला. वाईट हसत नव्हता, त्याला आवरतच नव्हतं. "ताई, तुम्ही टेबल पाठवलंत! खरंच सांगतो, काल दोन ड्रमांवर ठेवून आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर डोसे खाल्ले."

मग त्याने व्हिडिओ पाठवला. लाट मागून येते, तो पोटावर पालथा, हातांनी पाणी मारतो, उठतो, आणि तेवढ्यात बोर्ड पुढून पाण्यात घुसतो. सरळ, भाल्यासारखा. तो डोक्यावरून पुढे. पुन्हा. पुन्हा. मी तो व्हिडिओ जेवणाच्या सुट्टीत किती वेळा पाहिला ते सांगत नाही. मला कळत नव्हतं की जी वस्तू जमिनीवर इतकी खरी आहे ती पाण्यावर खोटी कशी ठरते. पाणी तर सगळ्यात सपाट. पाणसळीत पाणीच तर असायचं पूर्वी.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "रजिस्टरात लिही. कारणासहित."

पासवर रेघ मारून मी रिजेक्ट लिहिलं. कारणाचा रकाना रिकामा राहिला. एकदा पेन्सिलीने लिहिलं, "समुद्राची परिस्थिती प्रतिकूल." खोडलं. मग लिहिलं, "नमुन्याबाबत संदिग्धता." तेही खोडलं. कागद तिथे पातळ झाला. मामा येता-जाता रजिस्टराकडे बघायचे.

मग मी वाचायला बसले. शिकलेल्या माणसाला दुसरं काय येतं? वाचलं ते असं. फार पूर्वी बेटांवरचे लोक अख्ख्या झाडाचे बोर्ड करायचे, माणसाच्या दुप्पट-तिप्पट लांब, खाली पंख नाही, वळायचा प्रश्नच नाही. मग कुणीतरी ते आतून पोकळ केले. मग कुणीतरी खाली एक पंख लावला आणि बोर्ड घसरायचा थांबला. मग हलकं लाकूड, त्यावर फायबर. मग लाकूडच गेलं, फोम आला. मग लांबी कापली. मग पंख एकाचे दोन, दोनाचे तीन. माझा गोंधळ इथे वाढला. आमच्या धंद्यात वस्तू सुधारायची म्हणजे थर वाढवायचा. यांनी, पंख सोडले तर, प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकलं होतं: वजन काढलं, लांबी काढली, लाकूड काढलं. टोकं उचलणारा बाक मात्र कुणी काढला नव्हता. उलट बोर्ड तोकडे होत गेले तसा तो वाढवला होता. आणि किती बाक, कुठून सुरू, याचं सूत्र कुठेच नाही. एक बनवणारा म्हणतो एवढा, दुसरा म्हणतो छे, त्याच्या निम्मा. तिसरा म्हणतो, तुमची लाट कशी आहे त्यावर आहे. माझ्याकडे लाटच नव्हती.

रविवारी घरी गेले. मे महिना, वावर नांगरून पडलं होतं. आमच्या आजूबाजूला सगळ्यांकडे ट्रॅक्टर, पण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अजून बैलजोडी ठेवली आहे. ते फळी फिरवत होते. ढेकळं फोडायला बैलांमागे एक लांबलचक जाड फळी आडवी बांधतात आणि वजन म्हणून तिच्यावर माणूस उभा राहतो. लहानपणी मी आप्पांचा सदरा धरून तिच्यावर उभी राहायचे. ते ओढत नेणं, पायाखाली माती सरकणं, मला शाळेपेक्षा आवडायचं. हे मी विसरलेच होते. म्हणजे आठवत होतं, पण कामाचं आहे असं वाटलं नव्हतं.

बांधावर बैल थांबले तेव्हा मी वाकून फळी बघितली. पुढची खालची कड गोल तासलेली होती. टोकाला धार नाही, उचललेली.

"आप्पा, ही कड अशी का?"

"मातीत घुसती नायतर."

"किती गोल करायची, हे कसं ठरवता?"

"घुसणार नाय इतकी."

"इतकी म्हणजे किती?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही. खरंच विचारलं त्यांनी, "कालेजात नाय का शिकवलं हे?"

मी चपला काढल्या आणि फळीवर चढले. आप्पांनी बैल हाकले. पहिल्यांदा बरं वाटलं. मग मी मुद्दाम पुढच्या कडेवर सरकले, पायाची बोटं कडेबाहेर काढून. फळीने नाक खाली घातलं, मातीत घुसली, बैल थबकले आणि मी बैलांच्या मागे ढेकळांत तोंडावर. भाकरी घेऊन आलेली आई बांधावरून ओरडली, "इंजिनेर पडली गं माय!" आणि हसता हसता खालीच बसली. मी तोंडातली माती थुंकली. व्हिडिओतला तो जसा पडत होता, अगदी तशीच मी पडले होते.

एवढं पायांना कळलं. पण डोक्याला नाही. फळीला बैल ओढतात. बोर्डाला कोण ओढतं? तिथूनच मी पुतण्याला फोन लावला.

"कुणी ओढत नाही, ताई. लाटेच्या पुढच्या उतारावरून तुम्ही घसरता."

"मग उतार संपला की थांबायला पाहिजे."

"संपत नाही ना. उतारच पुढे सरकत असतो."

"पाणी पुढे सरकतं?"

"पाणी नाही सरकत. उतार सरकतो."

मी फोन ठेवला आणि वावराकडे बघत राहिले. पाणी जागेवर आणि उतार पुढे. हे मी पुस्तकात वाचलेलं आहे, त्यावर मार्कही मिळवलेले आहेत. पण त्या उतारावर एक माणूस उभा आहे हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"काय म्हणतो त्यो?" आप्पांनी विचारलं.

"म्हणतो, वावरच चालतं."

आप्पांनी विचार केला. "मंग बैलांचं काय काम?"

मी बांधावरच्या चपला शोधायला लागले.

सोमवारी मी आधी रजिस्टर उघडलं. पातळ झालेल्या जागेवर पेनाने लिहिलं: "नमुना बरोबर होता. तो वाकडा समजून मी सरळ केला." लिहून झाल्यावर मामांकडे गेले. "मामा, तुम्ही म्हणाला होता ते बरोबर होतं."

"काय म्हणलो होतो?" त्यांना सगळं आठवत होतं.

"कुणीतरी मन लावून वाकवलंय म्हणून."

"असं म्हणलो व्हय मी?" त्यांनी हात पुसले. "वाचून दावा काय लिवलंय."

मी वाचून दाखवलं. सगळ्यांच्या समोर, उभी राहून. मामांनी रेझिनच्या डब्यात काडी फिरवत ऐकलं. "आन् माजे दोन थर?"

"ते नाही लिहिलं."

"लिवा की. एकट्यानं कशाला."

म्हणून त्याखाली दुसरी ओळ आली: "दोन थर जादा. वजन वाढले." मामांनी शेजारी सही केली.

दुसरा बोर्ड आम्ही नमुन्याला शेजारी ठेवून केला. फोम वाकवायला मधली लाकडी पट्टीच बाकदार कापली आणि तिला दोन्ही बाजूंनी फोम चिकटवला. थर कमी करताना मामांचा जीव खालीवर होत होता. दर थराला विचारायचे, "बास?" मी म्हणायचे, "बास." ते म्हणायचे, "तुमच्या जबाबदारीवर हां." खात्री मलाही नव्हती. पाणसळ मी त्या दिवशी टेबलावरून उचलून खणात ठेवली, कारण ती समोर असली की हात आपोआप तिच्याकडे जायचा. बाक बरोबर आहे का हे मी आणि मामा आळीपाळीने एक डोळा मिटून बघत होतो. हा कसला क्वालिटी कंट्रोल, असं मनात येत होतं. रजिस्टरात त्या बोर्डापुढे काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: "नमुन्यासारखा दिसतो."

दोन आठवड्यांनी पुतण्याचा फोन आला. "ताई, नाक घुसत नाही."

मी मामांना खूण केली.

"उभा राहिलो, लांबपर्यंत आलो. नवख्यांना चालेल. पण वळत नाही अजून. मागच्या कडा जरा धारेच्या हव्यात."

"किती?"

"पाणी सुटेल इतक्या."

मी पुढे विचारलंच नाही. हे उत्तर मी ऐकलेलं होतं. तिसरा करा म्हणाला. म्हणजे जमला की नाही जमला? शेठना विचारलं तर त्यांनी फोन कानाला लावून मान अशी हलवली की ती होकारार्थी म्हणावी की नकारार्थी, मला आजही सांगता येणार नाही. हार्डनरचे डबे टेबलावर तसेच राहिले.

त्याच आठवड्यात पहिला बोर्ड परत आला. पुतण्याने पाठवला होता, त्याच रस्त्याने, पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या टपावर. पाऊस अजून आला नव्हता, ऊन एप्रिलपेक्षा कडक. "आली की वो वस्तू परत," मामा स्वतःवरच हसले. दोघांनी तो उतरवून आत आणला, दोन रिकाम्या ड्रमांवर ठेवला. मी खणातून पाणसळ काढली आणि त्याच्यावर ठेवली. मला हे बघायचंच होतं. बुडबुडा मधोमध आला आणि थांबला. इतक्या लांबून, इतक्या उन्हातून टपावर येऊन तो केसभरही वाकला नव्हता. म्हणजे नमुनाही वाकला नसता. मामा शेजारी उभे होते. त्यांनीही बघितलं.

मी आतून माझी खुर्ची आणली. ड्रॉइंगचे कागद त्या बोर्डावर पसरले, उडू नयेत म्हणून एका टोकाला पाणसळ ठेवली आणि तिसऱ्या बोर्डाच्या मागच्या कडा काढायला बसले. कागदावर पेन्सिल छान चालत होती. कुठेही खड्डा नाही, उंचवटा नाही. उतार सरकतो म्हणजे नेमकं काय होतं ते कळावं म्हणून मी कोपऱ्यात लाट काढून बघितली. ती ढेकळासारखी दिसली. खोडून परत काढली.

दुपारी शेठ राउंडला आले. माझ्यामागे थांबले. कागद बघितले, मग खाली वाकून ड्रम बघितले.

"हे टेबल कुणी दिलं तुला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच बनवलंय."